ठाण्यात हवेत ओझोन वाढलाय म्हणतात, मग ओझोनचं भोक आपोआप बुजेल ना?

नाही, दोन्हीचा तसा संबंध नाही. घोडबंदर रोडला गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साईड आणि पेट्रोल-सॉल्व्हंटची वाफ यांच्यावर कडक ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन बनतो, म्हणून एक्यूआयच्या (हवेच्या गुणवत्तेच्या) ॲपवर त्याचा आकडा साधारण दुपारी चढतो न रात्री उतरतो. तो वर पोचायच्या आधीच संपतो, आणि श्वासाला त्रासच देतो, दमा असलेल्यांनी भर दुपारी पळायला जाऊ नका प्लीज.

उन्हातल्या अतिनील किरणांपासून आपल्याला वाचवणारा ओझोन १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर असतो. १९७४ ला मोलिना आणि रोलँड या रसायनशास्त्रज्ञांनी सांगितलं की फ्रिज-स्प्रेमधले सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन नावाचे वायू) वर जाऊन फुटतात आणि त्यातला क्लोरीन ओझोन खातो, तेव्हा कंपन्यांनी भरपूर विरोध केला, पण १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या हॅली केंद्रातली मोजमापं छापली, तिथे दर वसंतात (तिकडचा वसंत म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर) ओझोन भयंकर घटत होता, हेच ते भोक! कारण तिथल्या हिवाळ्यात उणे ७८ अंश सेल्सिअसच्या खाली बर्फाळ ढग बनतात, त्यांच्यावर क्लोरीन मोकळा व्हायच्या तयारीत बसतो आणि सप्टेंबरात ऊन आलं की सुटतो. मला तर हे संशोधन फारच भारी वाटतं, वर्षानुवर्षं कोणीतरी थंडीत बसून नुसती मोजणी करत राहिलं म्हणून ते कळलं.

१९८७ ला ओझोन वाचवायला देशादेशांत माँट्रियल करार झाला, सीएफसी बंद होत गेले. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या ओझोन अहवालानुसार अंटार्क्टिकावरचा थर १९८० च्या पातळीला यायला साधारण २०६६ उजाडेल, सीएफसी हवेत कित्येक दशकं टिकतात ना.