न्यू जर्सीत स्वतःची बँक काढायची असेल तर

प्रश्न : आम्ही काही मराठी उद्योजक न्यू जर्सीत छोटी बँक काढू इच्छितो. राज्याची सनद मिळण्यासाठी काय लागते?

उत्तर : अमेरिकेत १८६३ पासून बँकेला संघीय सनद घेता येते, किंवा राज्याची. न्यू जर्सीत राज्याचा अर्ज बँकिंग व विमा विभागाकडे करावा लागतो. मात्र तेवढ्याने ठेवी स्वीकारता येतील असे समजू नका. प्रत्येक ठेवीदाराला २,५०,००० डॉलरपर्यंत संरक्षण देणाऱ्या एफडीआयसीची, म्हणजे संघीय ठेव विमा महामंडळाची, मंजुरीही मिळवावी लागते, आणि खरी कसोटी तिथेच लागते. पहिली तीन वर्षे भांडवलाचे प्रमाण मालमत्तेच्या किमान ८ टक्के राहील, हे तुम्हाला आकडेवारीनिशी दाखवावे लागेल. प्रत्येक नियोजित संचालकाला स्वतःची मालमत्ता, कर्जे, जुने दावे आणि दिवाळखोरी झाली असल्यास तीही तपशीलवार लिहून द्यावी लागते. त्यात काहीही दडवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. तीन वर्षांचा व्यवसाय आराखडा आणि अनुभवी मुख्याधिकारी यांवर सर्वाधिक मेहनत घ्या. औपचारिक अर्जापूर्वी मसुदा दाखवून अधिकाऱ्यांशी चर्चा करता येते. ती संधी अवश्य घ्यावी.