भोपळा इरासाठी की माझ्यासाठी?

चि. सई,

शुक्रवारी तू फोनवर हसत हसतच विचारलंस, म्हणून मीही हसण्यावारी नेलं. बाळाच्या तपासणीला नर्सला इराच्या नाकाचा शेंडा आणि तळपाय पिवळट दिसले. काय काय भरवता असं तिने विचारलं आणि तू भोपळ्याचं नाव घेतलंस. घाबरण्यासारखं काही नाही, पण नारिंगी भाज्या जरा कमी करा आणि लोह असलेलं आधी द्या, एवढंच ती म्हणाली. हे सगळं सांगून झाल्यावर तू म्हणालीस, "बाबा, खरं सांग, दर रविवारी डबा भरून भोपळा आणतोस तो इरासाठी की तुझ्यासाठी?"

आई शेजारीच होती. ती इतकी हसली की मला उत्तर द्यायची वेळच आली नाही. पण रात्री ते डोक्यात फिरत राहिलं, म्हणून लिहितोय. वाचून झाल्यावर फोन करायलाच हवा असं काही नाही.

आधी पिवळ्या नाकाचं. ते आमच्या घरात नवं नाही. बेबी आत्याचेही हात-पाय असेच पिवळे झाले होते. मोठी आजी म्हणाली, कावीळ. तिने मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, आणि दुसऱ्या दिवशी आजी तिला घेऊन देवरुखला डॉक्टरांकडे गेली. मीही बरोबर होतो. डॉक्टरांनी बेबीची खालची पापणी बोटाने ओढली, बुबुळाच्या बाजूचं पांढरं बघितलं आणि म्हणाले, डोळा स्वच्छ पांढरा आहे, ही कावीळ नव्हे, पोरीला भोपळा किती घालता? कावीळ झाली तर डोळेही पिवळे होतात. भोपळ्या-गाजरातला रंग अंगात साठला तर नुसती कातडी पिवळी दिसते आणि खाणं कमी केलं की तो पिवळेपणा आपोआप जातो. आजी घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. भोपळा किती घालता याचं उत्तर तिला द्यायचं नव्हतं. दुसरं घालायला होतं काय घरात?

ते १९८२ साल. तुझे आजोबा गिरणीत होते एवढं तुला माहीत आहे, पण त्या वर्षाचं मी तुला कधी नीट सांगितलं नाही. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या मागे मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आठ-पंधरा दिवसांत मिटेल असं जो तो म्हणत होता. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आजोबांची मनीऑर्डर बंद झाली आणि शिमग्याला गावी आलेले आजोबा परत गेलेच नाहीत. त्याच चैत्रात बेबी झाली.

पावसाच्या तोंडावर आजीने परड्यात भोपळ्याच्या बिया टोचल्या होत्या. वेल गोठ्याच्या कौलांवर चढला. भोपळ्याच्या वेलाला कुणी विचारत नाही, शेणाच्या उकिरड्यावरही तो बेफाम सुटतो. नवरात्रापर्यंत चांगले मोठे भोपळे धरले. पक्के झाले की देठासकट काढायचे आणि माळ्यावर ओळीने ठेवायचे. न चिरता ठेवलेला भोपळा महिनोन्‌महिने टिकतो, आणि आमच्याकडे त्या वर्षी त्याला खरी किंमत आली ती त्यामुळेच. दिवाळीच्या सुमाराला बेबी बसायला लागली, तोंडात घास मागायला लागली, आणि माळ्यावर भोपळे होते. रीत-परंपरा म्हणून जे काही मी तुझ्या गळ्यात मारतोय, त्याचं मूळ बहुतेक एवढंच आहे.

आमच्या घरात अख्खा भोपळा बायकांनी चिरायचा नाही असं होतं. पहिला घाव बाप्या माणसाने घालायचा. बापे सगळे मुंबईला, मग मोठी आजी मलाच हाक मारी. कोयता माझ्या हातात, माझ्या हातावर तिचा हात, आणि कचकन एक घाव. मग मी मोठ्या रुबाबात उठून जात असे. सालं काढणं, बिया धुऊन सुपात वाळत घालणं, चूल फुंकणं, पुढचं सगळं आजीकडे. का, असं मी कधी विचारलं नाही. तू असतीस तर विचारलं असतंस. वेल लावणारी आजी, पाणी घालणारी आजी, कौलावर चढून भोपळे उतरवणारीही आजी, आणि तिने सुरी लावायची नाही! इथे ऑस्ट्रेलियात आईने पहिल्याच वर्षी तो जाड, निळसर सालीचा क्वीन्सलँडचा भोपळा ओट्यावर ठेवून एका दणक्यात दोन केला होता. पुढे आम्ही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली आयती फोडच आणायला लागलो, त्यामुळे प्रश्न मिटला. ही रीत मी तुला शिकवली नाही आणि शिकवणारही नाही.

त्या वर्षी मात्र आजोबा घरी होते. कोयता त्यांच्या हातात गेला, याचा मला रागच आला होता. त्यांनी भोपळा फोडला आणि ते उठले नाहीत. पडवीत तसेच बसून राहिले. आजी गुरगुट्या भात शिजवत होती. भात आटत आला की ती वरच भोपळ्याच्या फोडी ठेवी आणि झाकण घाली, वाफेवर त्या लोण्यासारख्या होत. मग पितळेच्या ताटलीत काढून पेल्याच्या बुडाने रगडायच्या. त्यात धागे असतात. एक धागा राहिला तरी बेबी उमासे काढी, म्हणून ते बोटाने चाचपून काढायचे. त्या दिवशी हे सगळं आजोबांनी केलं. बेबीला मांडीत धरलं, तर्जनीच्या टोकावर भात घेतला आणि तिच्या ओठांना लावला. तिने अर्धा हनुवटीवर सांडला. त्यांनी तो बोटाने निपटून परत तोंडात सारला. गिरणीत साचे चालवलेली ती बोटं. मला त्यांनी कधी भरवलं नव्हतं. माझ्या लहानपणी ते गणपतीला येत आणि शिमग्याला येत, तेवढ्यात कसलं भरवणं! मी दारात उभा राहून बघत होतो. मला हेवा वाटला की बरं वाटलं, ते अजून सांगता येत नाही.

तेव्हा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो, बराचसा माझ्यासाठी.

पण सगळाच नाही, हेही लिहू दे. तू सहा महिन्यांची झालीस तेव्हा आईची संध्याकाळची शिफ्ट होती आणि भरवणं माझ्याकडे होतं. मला येत होतं ते एवढंच. आजीला फोन करून विचारायचं तर मिनिटाला पैसे पडत, म्हणून हात आठवेल तसं केलं. तू खाल्लंस, बाळसं धरलंस. बेबी आत्या मात्र आज भोपळ्याला हात लावत नाही. पानात दिसला तरी वाटी बाजूला सरकवते. म्हणते, माझ्या वाट्याचा तेव्हाच खाऊन झाला. ती काय खात होती, भोपळा की ते वर्ष, कोण जाणे. त्यामुळे भोपळा दिला की मूल सुखी होतं असा माझा काही दावा नाही. आणि हा भोपळा 'आपला' तरी कुठे? मिरची-बटाट्यासारखा तोही मूळचा अमेरिका खंडातला. इथे तर काय, क्वीन्सलँडच्या सिनेटर फ्लो ब्येल्की-पीटरसन भोपळ्याच्या स्कोनसाठी देशभर प्रसिद्ध होत्या. टॉमच्या आईने ख्रिसमसला भाजलेल्या भोपळ्याची फोड इराच्या हातात दिली, तेव्हा ती कुणासाठी असं कुणी विचारलं नाही. हे वाक्य खोडणार होतो. असू दे.

नर्सचं म्हणणं बरोबर आहे. सहा महिन्यांनंतर बाळाच्या अंगातला लोहाचा साठा कमी व्हायला लागतो आणि तो भरून काढणं भोपळ्याचं काम नव्हे. म्हणून आता डब्यात भोपळा निम्मा आणि मुगाची डाळ दुप्पट. डाळ चांगली शिजवून घोटायची, भरवताना लिंबाचे दोन थेंब पिळायचे, त्याने डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते. तूप काढायला सांगू नकोस. भोपळ्यातल्या रंगाचं अ जीवनसत्त्व व्हायचं तर थोडा स्निग्धांश लागतोच, नुसत्या लाडाने घालत नाही मी. जिरं चिमूटभर चालेल. मीठ आणि गूळ वर्षापर्यंत नाही. मध तर मुळीच नाही. मोठी आजी आम्हाला बोटाने चाटवायची, पण वर्षाखालच्या बाळाला त्यातून विषबाधा होऊ शकते हे तिला कोण सांगणार होतं? टॉमला मटण, अंडं द्यायचं असेल तर जरूर द्या. मला काही वाटणार नाही. खरं म्हणजे थोडं वाटेल, पण तुम्ही द्या.

घारगे मात्र मी तिच्या वाढदिवसानंतर करणार. किसलेला भोपळा गुळाबरोबर शिजवायचा, पाण्याचा थेंब घालायचा नाही, त्याच्याच पाण्यात तो शिजतो. गार झाला की त्यात मावेल तेवढीच कणीक आणि थोडं तांदळाचं पीठ. पाणी घातलंस तर घारगे तेल पितात. आषाढात आजी तळायची आणि आम्ही ते चुलीपाशी बसूनच संपवायचो. तुला आवडायचे, तू विसरली असशील. तळलेलं नको असेल तर तव्यावर तूप सोडून भाजता येतात. जरा बोथट लागतात, पण येतात.

या रविवारी यायचं की नाही ते तू आईला कळव. नाचणीचं सत्त्व काढून ठेवलंय. नको असेल तर सांग, आम्हीच खाऊ.

इराला पापा. टॉमला नमस्कार.

तुझा,
बाबा