भाडेपट्ट्याच्या सरकारी जमिनीतलं खताचं पाणी तळ्यात उतरतं. काठावर चर खणून अडवू का?

काठावर नको, पाणी स्वतःच्या वाफ्यातच थोपवा. पावसाचं तळं उतारावरून येणाऱ्या पाण्यावरच जगतं; ते काठावर तोडलंत तर युरिया थांबेल, पण तळंही लवकर आटेल. भातात युरिया एकदम न फेकता दोन-तीन हप्त्यांत द्या, आणि दिल्यावर चार-पाच दिवस बांधाचं तोंड मातीने बंद ठेवा. खरा फरक यानेच पडतो, कारण खत टाकलं आणि रात्री सर आली की सगळं तळ्यात. शेवटच्या मेरेवर वाळ्याची दाट रांग लावा, गाळ तिथेच बसतो. शेती आणि तळं एकत्र नांदू शकतात: गोव्यातल्या कुडचड्याचं नंदा तळं २०२२ मध्ये रामसार यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, आणि त्याच्याच साठ्यावर खालची भातशेती होते. मात्र तळं सरकारने पाणथळ जागा म्हणून अधिसूचित केलं असेल तर २०१७ च्या पाणथळ नियमांनुसार नियम लागू होण्याआधीच्या १० वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरपर्यंत पक्कं बांधकाम चालत नाही. मातीकाम करण्याआधी भाडेपट्ट्याचा कागदही वाचा. जमीन तुमची नाही, लेखी परवानगी लागू शकते.