हेलिपॅडसाठी उभी तूर काढायला सांगतात तेव्हा

भाऊ, तुमची पोस्ट वाचली. दिल्लीच्या पाहुण्याचा दौरा, वावराला लागून हेलिपॅड, आणि ‘वरून सांगितलं’ म्हणून दोन एकर तूर काढायची. सातबारा, ई-पीक पाहणी झालेली असेलच, ते सोडतो.

घात होतो तो तोंडी हुकुमावर विळा लावण्यानं. आमचंही तेच झालं. एका कार्यालयानं ‘आधी मोकळं करा, कागद मागून देतो’ म्हटलं, अन् दौरा आटोपल्यावर ‘मागणी सुरक्षा दलाची, त्यांना विचारा’. दल तर त्याच दिवशी परत गेलेलं! याचा संताप अजून जात नाही.

पंतप्रधान असतील तर एसपीजी (त्यांच्या सुरक्षेचं खास दल), इतरांसोबत बहुधा सीआरपीएफ (केंद्राचं राखीव पोलीस दल). कुठवर पीक नको ते हे लोक सांगतात. वावर मोकळं करून घेतं ते जिल्हा प्रशासन आणि जिल्हा पोलीस. एसपीजी कायदा, 1988 च्या कलम 14 नं राज्य आणि स्थानिक यंत्रणेवर मदतीचं बंधन आहे, म्हणून कागदही त्यांनीच द्यायचा. तहसीलदारांकडे लेखी मागा. मनाई आदेश म्हणाले तर प्रत घ्या. बीएनएसएस (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 163 चा (जुनं 144) आदेश लेखीच असावा लागतो.

पंचनामा तूर उभी असतानाच. तलाठी आणि कृषी सहायकासमोर गट क्रमांक, क्षेत्र, झाड फुलावर की शेंगेवर हे लिहून घ्या, तारखेसह फोटो काढा. जागा देण्याच्या संमतीपत्रात मुरूम कोण उचलणार हे नक्की टाका. काळ्या मातीवर मुरूम टाकून रोलर फिरला की पुढच्या पेरणीला ते वावर हातचं जातं. फुटलेला धुरा (बांध), ठिबकच्या नळ्या हेही त्यातच. ओल असली तर अग्निशमन गाडीच्या चाकोऱ्या वखरानं मोडत नाहीत, नांगर लागतो. तो खर्च वेगळा मांडा.

पीकविम्यावर विसंबू नका, हे नुकसान त्यात बसत नाही.

माहिती अधिकार टाकायचा तर एसपीजी, सीआरपीएफकडे नको. कलम 24 नं त्यांना सूट आहे. जिल्हाधिकारी कार्यालय आणि बांधकाम विभागाकडे टाका. सुरक्षेचा आराखडा मागू नका, नाकारतील. हेलिपॅडचं अंदाजपत्रक आणि जागेची संमतीपत्रं मागा.

मी वकील नाही, जिल्ह्यागणिक रीतही बदलते. तूर डोक्याएवढी वाढते, माणूस दडतो, म्हणून मागणी गैर नाही. बांधावर बंदोबस्ताला उभ्या शिपायाशी मात्र वाद घालू नका, त्याच्या हाती काहीच नसतं. अर्ज तहसीलच्या आवक-जावकला देऊन पोचेवर शिक्का आणि तारीख घ्या, तीही तूर तोडायच्या आदल्या दिवसाची.