मुलाखतीला बसण्याआधी

नाशिकमधल्या समलिंगी, उभयलिंगी आणि ट्रान्सजेंडर लोकांच्या मानसिक ताणावर मुलाखती घेऊन संशोधन सुरू करते आहेस, फार बरं वाटलं. आधी या ताणाचे अभ्यासक इलान मेयर यांचा 2003 चा लेख नीट वाच. समलिंगी आणि उभयलिंगी लोकांत नैराश्य, चिंता जास्त दिसते ती लैंगिकतेमुळे नव्हे, तर कलंकाचा जादा ताण सोसावा लागतो म्हणून, ही त्यांची मांडणी. हेन्ड्रिक्स आणि टेस्टा या संशोधकांनी 2012 मध्ये ती ट्रान्सजेंडर व्यक्तींना लावून पाहिली.

या ताणात उघड भेदभाव येतो, तशीच नकाराची धास्ती, स्वतःबद्दलची घृणा आणि लपवाछपवीही. लपवाछपवीवर जास्त वेळ दे. सातपूरच्या कारखान्यात शिफ्ट करणारा मुलगा ‘लग्न कधी?’ला दरवेळी नवं उत्तर जुळवतो, जोडीदाराचा नंबर मुलीच्या नावाने सेव्ह करतो. त्याला ‘भेदभाव झाला का?’ एवढंच विचारलंस तर तो ‘नाही’ म्हणेल, कारण कुणाला कळलेलंच नसतं. ‘कळू नये म्हणून काय काय करावं लागतं?’ असं विचार, आणि मग गप्प बस. बोलू दे त्याला.

संमतीपत्रावर खऱ्या नावाची सहीच हवी हा हट्ट नको. नैतिकता समितीकडून तोंडी संमतीची परवानगी मागून घे. भेटीची जागा मुलाखत देणाऱ्यांनाच ठरवू दे. गंगापूर रोडच्या कॅफेत शेजारच्या टेबलावर चुलतभाऊ निघू शकतो.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 बद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल आला, ते संबंध गुन्हा राहिले नाहीत, म्हणजे घरातला ताण संपला, असं मुळीच धरू नकोस. मित्रमैत्रिणींचा आधारही मोज. मेयर यांनी त्यालाही जागा दिली आहे. आणि मराठी प्रश्नावली छापण्याआधी या समुदायातल्याच दोघातिघांना वाचायला दे.