व्यंग, व्यंग्य आणि वांग

प्रश्न कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका फोटोग्राफरचा आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा राहत नाही, ती अवस्था) असलेल्या एका लहान मुलीचे वाढदिवसाचे फोटो त्यांनी काढले. आता अशा मुलांच्या पालकांसाठी ते एक छापील फॉर्म करून घेताहेत. टचिंगमध्ये, म्हणजे फोटोवर हात फिरवून डाग-बिग पुसताना, काय काढायचं, काय ठेवायचं, त्यावर पालकांनी खुणा करायच्या. (कल्पना झकास आहे, सगळ्याच स्टुडिओंनी उचलावी.) त्यातल्या एका रकान्याचं नाव ‘व्यंग काढणे’. प्रूफ बघणाऱ्या गृहस्थांनी ते खोडून ‘व्यंग्य काढणे’ केलं. तर बरोबर कोणतं? शिवाय मुलीच्या नावापुढे ‘अपंग’ लिहावं की ‘दिव्यांग’, हेही त्यांना हवंय.

प्रूफवाल्यांना कोपरापासून नमस्कार. ‘व्यंग्य’ म्हणजे उघड न बोलता सुचवलेला अर्थ. वि आणि अंज्. ‘व्यंजना’ ज्या धातूतून आली तोच हा. ‘व्यंग’ म्हणजे वि आणि अंग. दोघांचं कूळ वेगळं, गोत्र वेगळं. हा घोळ सगळा व्यंगचित्राने घातलाय. पुढाऱ्याचं नाक लांब काढलं, पोट मोठं काढलं, म्हणजे त्याचं व्यंग दाखवलं, म्हणून ते व्यंगचित्र, असं शाळेच्या स्नेहसंमेलनापासून मोठमोठ्या व्यासपीठांपर्यंत ऐकतो आणि दर वेळी डोकं फिरतं. व्यंगचित्र नाकावर चालत नाही, न बोललेल्या वाक्यावर चालतं. माझ्या मते ते मुळातलं व्यंग्यचित्रच. मराठीच्या तोंडी तो ‘य’ टिकला नाही, इतकंच. ज्यांना हे पटत नाही त्यांनी नुसत्या रिकाम्या खुर्चीचं एखादं व्यंगचित्र समोर घ्यावं आणि त्या खुर्चीचं व्यंग मला दाखवावं.

तेव्हा शब्द ‘व्यंग’च. पण खरी गंमत पुढेच आहे. आयुर्वेदाच्या सुश्रुतसंहितेत, निदानस्थान नावाच्या भागात क्षुद्ररोगांची यादी आहे, म्हणजे किरकोळ तक्रारींची. तिथे ‘व्यंग’ नावाचा एक रोग येतो. राग आणि श्रम यांनी वायू खवळतो, पित्ताला सोबत घेऊन तोंडावर येतो आणि तिथे पातळ, काळसर, न दुखणारा डाग उमटवतो. हात नाही, पाय नाही, वाकडेपणा नाही. व्यंग म्हणजे चेहऱ्यावरचा डाग! आणि हा शब्द मराठीत अजून जिवंत आहे, रोज बोलला जातो. वांग. गरोदरपणात गालांवर येतात ते वांग. व्याघ्राचा वाघ झाला, व्याख्यानावरून वाखाणणं आलं, तसा व्यंगाचा वांग. एक प्राध्यापक छातीठोकपणे सांगतात की वांग्यासारखा रंग म्हणून वांग. त्यांनी वांग्याचं भरीत करून खावं. वांगं आलं वातिंगणावरून, त्याचा गालाशी काडीचा संबंध नाही.

म्हणजे बघा, टचिंगवाल्याने काढावं असं व्यंग जगात खरंच आहे, पण ते त्या मुलीचं नव्हे. असलंच तर शेजारी बसलेल्या आईचं. आणि तेसुद्धा तिने सांगितलं तर. जुने टचिंगवाले नेमकं एवढंच करत. निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलीचे बारीक ठिपके द्यायचे. निगेटिव्ह तिथे गडद झाली की छापलेल्या फोटोत ती जागा उजळायची. त्या पेन्सिलीने वांग, सुरकुती, देवीचे वण फिके व्हायचे. डोळा उचलून दुसरीकडे नेता यायचा नाही.

आता नेता येतो. २००२ साली फोटोशॉपमध्ये हीलिंग ब्रश आला. ‘हीलिंग’! बरं करणारा कुंचला! असलं नाव असलेलं हत्यार हातात आल्यावर माणसाला आपण डॉक्टर आहोत असं वाटायला किती वेळ लागतो? ओळखीच्या एका घरात अशाच एका मुलीचा फोटो भिंतीवर आहे. तिचा डावा डोळा नाकाकडे वळलेला असतो. टचिंगवाल्याने उजवा डोळा उचलून, आरशातल्यासारखा उलटा करून डाव्याच्या जागी बसवला. खोलीत खिडकी एकच होती, पण तिची चमक एका डोळ्यात डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे पडली आहे. अंगठा आत घेऊन आवळलेली तिची मूठ, त्या मुठीत फ्रॉकची लेस धरलेली असते, ती चौकटीबाहेर कापून टाकली. आणि हात फिरलाच आहे तर, आजीने लावलेलं गालबोटही पुसलं. आजीने फोटो बघून विचारलं, “ही कुणाची पोरगी रं?”

गालबोटावरून आठवलं. ‘मिरवणुकीला गालबोट’ हे दर गणपतीत पेपरात वाचावं लागतं. दगडफेक झाली की गालबोट! अहो, गालबोट म्हणजे काजळाचं बोट. पोराला दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम, मायेने लावलेलं. ते कलंकाच्या अर्थाने कधी आणि कसं घसरलं, हा वेगळा लेख होईल. इथे काजळाशी काम आहे, कारण काजळ म्हणजे अंजन, आणि अंजन त्याच अंज् धातूचं. अंज् म्हणजे माखणं, चोपडणं. दिवाळीच्या पहाटेचं अभ्यंग त्यातलंच. त्यात ‘अंग’ शोधू नका, ते अभि आणि अंज्. लॅटिनमधून इंग्रजीत गेलेला ‘ऑइंटमेंट’ या घराण्याचा लांबचा भाऊ. पण याच धातूला दुसराही अर्थ आहे: उघड करणं, दिसू देणं. त्यातून व्यक्त, आणि व्यक्तातून व्यक्ती. माखलं की दिसतं, हे कसं काय, असं कुणी विचारलं तर मी त्याला सरळ जुन्या डार्करूममध्ये नेईन. कागदावर प्रतिमा पडलेली असते, पण अव्यक्त. डेव्हलपरमध्ये भिजली की ती वर येते. संस्कृतवाल्यांना डार्करूम ठाऊक नव्हती हे मलाही कळतं, तरी धातू बरोबर लागू पडतो. नाही पटत? नका पटवून घेऊ.

न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात, तर एक सूत्रच आहे: व्यक्ती, आकृती आणि जाती, हे तिन्ही मिळून शब्दाचा अर्थ. त्यांचं उदाहरण गाईचं. कोल्हापूरकरांनी म्हशीचं घ्यावं. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर उभ्या असलेल्या सगळ्या म्हशींत जे म्हैसपण आहे ती जाती, शिंगं-वशिंडांची ठेवण ती आकृती, आणि गवळी जिला नावाने हाक मारतो ती व्यक्ती. (वशिंड गाईला असतं, म्हशीला नाही, हे गवळ्याने लगेच सांगितलं असतं, तुम्ही शिंगांवर भागवा.) त्या टचिंगवाल्याने काय केलं? मुलगी समोर आली तशी आधी जाती पाहिली, ‘अशी मुलं’. मग तिची आकृती सरळ केली. फोटोतून गेली ती व्यक्ती. आजीने नेमकं तेच विचारलं.

आता दुसरा प्रश्न, भराभर. ‘अपंग’ म्हणजे अप आणि अंग, संस्कृतात अपांग. ‘पंगू’वरून अपंग सांगणारे एक कोशप्रेमी मला भेटतात, अ अधिक पंगू केलंत तर अर्थ होईल ‘जो पंगू नाही’, हे त्यांना सांगून थकलो. (अपांग म्हणजे डोळ्याचा बाहेरचा कोपराही. कवींनी तिथून किती कटाक्ष टाकायला लावलेत!) ‘दिव्यांग’ २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांच्या रेडिओवरच्या भाषणातून रूढ झाला. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्राने त्या नावाचा स्वतंत्र विभाग काढला, तेव्हा सरकारी दाखल्यावर तोच येणार. मला तो आवडत नाही. चालायला वॉकर लागतो, त्यात दिव्य काय? नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली याच गावात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही अपंगांसाठीची संस्था उभी केली, तेव्हा दिव्यत्वाविना कामाचं काही अडलं नाही. पण तुमच्या फॉर्मवर दोन्ही शब्द कशाला हवेत? फोटो काढताना उजेड कुठून घ्यावा, मान टेकायला उशी लागेल का, फ्लॅशने ती दचकते का, एवढं विचारा. ते दाखल्यावर लिहिलेलं नसतं.

‘व्यंग काढणे’ हा रकानाच उडवा. त्याऐवजी एकेक वस्तू लिहा: पुरळ, ओरखडे, हनुवटीवरची लाळ, चष्म्यावरची चमक, मागची वायर, व्हीलचेअर, गालबोट. प्रत्येकीपुढे ‘काढा’ आणि ‘ठेवा’ अशी दोन घरं. वांग हवं तर आईच्या नावाने वेगळं. ‘टचिंग’ला मराठी प्रतिशब्द शोधत बसू नका, तो केव्हाच मराठी झालाय.

आणि फॉर्मच्या डोक्यावर ‘व्यक्तीचित्र’ छापलंय, ते ‘व्यक्तिचित्र’ करा. एकटी ‘व्यक्ती’ दीर्घ, समासात पुढे आली की ‘ति’ ऱ्हस्व. प्रूफवाल्यांच्या नजरेतून नेमकं हेच सुटलं.