ताईला विचारा: घरची शाळा आणि आईचा दिवस

प्रश्न : ताई नमस्कार, मी नाशिकला राहते, आधी बँकेत होते, मोठीच्या वेळी नोकरी सोडली. ती आता साडेपाच वर्षांची आहे, धाकटा दोनचा. येत्या जूनपासून मोठीला शाळेत न घालता घरीच शिकवायचं असं आम्ही दोघांनी ठरवलंय. सासूबाईंना हे अजिबात पटत नाहीये, कायद्यात बसत नाही म्हणतात, आणि शेजारचे म्हणतात मुलगी एकलकोंडी होईल. पण खरं सांगू का, मला भीती वेगळीच आहे. आत्ताच दिवस संपतो तेव्हा अंगात त्राण नसतं, त्यात दिवसभर शिकवायचं पण म्हणजे मी जगणार कधी? नवरा म्हणतो तू घरीच तर असतेस.
– एक आई, नाशिक

उत्तर : अगं, आधी सासूबाईंचं बघू, कारण त्यांची शंका रास्त आहे, टाकून देऊ नकोस. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला, 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी. त्यातल्या कलम 10 मध्ये मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण दाखल केलं नाही तर पालकांना शिक्षा अशी तरतूद त्या कायद्यात नाही. होमस्कूलिंगबद्दल वेगळं काही लिहिलेलंच नाही. आणि सासूबाईंना कलम 4 आवर्जून सांग, सहा वर्षांवरच्या मुलाला कधीही वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळतो. म्हणजे दोन वर्षांनी वाटलं की नाही जमत, तर लेक तिच्या वयाच्या मुलांबरोबरच बसेल, पहिलीपासून सुरुवात नाही. हे कळलं की घरातला अर्धा ताण उतरतो असं मी पाहिलंय.

आता तुझं. शाळेत सहा तास जातात ते चाळीस मुलांना सांभाळून शिकवायला लागतात म्हणून, घरी एका सहा वर्षांच्या मुलीला समोर बसवून शिकवायला रोज तासभर पुरतो, तोही सलग नाही, अर्धा सकाळी धाकटा झोपलेला असताना आणि अर्धा संध्याकाळी. बाकीचं शिक्षण तुझ्या कामातच होतं, किराण्याची यादी तिने लिहायची, पाव किलो न् अर्धा किलो भाजीवाल्याच्या काट्यावर बघायचं, बसची पाटी वाचायची. हे मी मनाचं सांगत नाही, बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या कोसबाडला हेच केलं, मुलं गुरं राखायला जायची तर शाळाच कुरणात नेली, पानं, बिया, खडे हेच साहित्य. त्यामुळे महागडी किट मागवू नकोस प्लीज. बालभारतीची सगळी पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट आहेत, आणि 1971 पासून निघणाऱ्या ‘किशोर’ या मुलांच्या मासिकाचे जुने अंक पण, ते आधी मोठ्याने वाचून दाखव.

पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट नवऱ्याशी बोल, आणि जूनच्या आधी बोल. निर्णय दोघांचा आहे तर कामही दोघांचं. ‘घरीच तर असतेस’ हे वाक्य मला फार लागलं गं, कारण घरी असणं म्हणजे मोकळं असणं नव्हे हे ज्याने दोन मुलांसोबत एक आख्खा दिवस एकट्याने काढलाय त्यालाच कळतं, तर त्याला एक रविवार तसा काढू दे, तू माहेरी नाहीतर मैत्रिणीकडे जा, आणि जाताना स्वयंपाक करून ठेवू नकोस. मग विषय वाटून घ्या. गणित किंवा संध्याकाळचं वाचन पूर्ण त्याचं, ऑफिसमधून दमून आला तरी त्याचंच, तू आठवण पण करायची नाही. आणि रोजचा एक तास तुझा, त्यात भांडी नाहीत, कपडे नाहीत. याला तो तयार नसेल तर यंदा सरळ शाळेत घाल, त्यात काही हार नाही. थकून चिडलेल्या आईजवळ शिकण्यापेक्षा बरी शाळा केव्हाही चांगली, हे माझं ठाम मत आहे.

एकलकोंडेपणाचं म्हणशील तर रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मैदानावर ने. मैत्री तीच तीच मुलं रोज भेटली की होते, दर आठवड्याला नवीन वर्कशॉपला नेऊन नाही.

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, घरीच शिकतो, मजेत आहे. पण दहावीचं काय हो?
– एक बाबा, सातारा

उत्तर : दादा, एनआयओएस बघा, केंद्राचं मुक्त विद्यालय. 14 पूर्ण झाली की दहावीला बसता येतं, मराठी माध्यमही आहे. पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा, आणि एका नोंदणीवर 5 वर्षांत 9 संधी, म्हणजे एकेक विषय सुटा देऊन पण होते. त्याआधी सवय म्हणून हवी असेल तर तिसरी, पाचवी आणि आठवीच्या पातळीच्या परीक्षा आहेत त्यांच्याच, ए, बी, सी नावाच्या. आपल्या राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरूनही बसता येतं, त्याच्या अटी वेगळ्या, त्या नीट वाचून घ्या. पुढे बारावी करून इंजिनिअरिंगला जायचं म्हणाला तर बारावीही एनआयओएसची चालते. तुमच्या हातात अजून सहा वर्षं आहेत, तेवढा जन्मदाखला आणि आधारवरचं नाव, स्पेलिंगसकट, एकसारखं आहे ना ते आत्ताच तपासा, फॉर्म भरताना लोक तिथेच अडकतात.